हिवाळी खोलीची किल्ली

इनरलाद, ३ मे २०१४

राख काढून झाली होती, चूल धरली होती आणि मी झऱ्यावरून दुसरी बादली घेऊन येत होते. तुम्ही ओंडक्यात कुऱ्हाड रोवलीत आणि म्हणालात, “वहिनी, पुस्तक कितव्या पानावर आलंय तेवढं सांगा. म्हणजे आज सूप खारट की अळणी, ते आम्हाला आधीच कळेल.” तुमचा भाऊ फिडेल छपरावर बसून फळ्या ठोकत होता. तो वरून म्हणाला, “तिला काही बोलू नकोस. काल तिने पाहुण्यांना साबण कसा होतो ते शिकवलं आणि त्या बिचाऱ्यांनी भांडी घासून दिली.” मग मी रीबेल हलवायला घेतलं, कारण मक्याची ती कणी एकदा तळाला लागली की चोवीस माणसं दिवसभर करपट वासाबद्दल बोलतात. सात वाजता पहिले लोक खिंडीकडे निघाले. मी घोंगड्या उन्हात टाकल्या, कोण कुठल्या वाटेने गेलं ते नोंदवहीत वाचून घेतलं आणि बटाटे सोलायला बसले. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही. सत्तर सालचा ऑगस्ट असावा.

भावोजी, गाम्सकार डोंगरावरच्या गिर्यारोहकांच्या घराचा इतिहास लिहायला बसले की मला ही सकाळ आठवते, आणि नेमकी ती इतिहासात घालता येत नाही.

घर यंदा शंभर वर्षांचं होतंय, सप्टेंबरात समारंभ आहे. मग ते पाडतील. साठ पावलांवर, वरच्या खडकाला धरून, नवं घर बांधून तयार आहे. मोठ्या काचा आहेत, छपरावर वीज करणाऱ्या काळ्या पाट्या आहेत. गिर्यारोहण मंडळाला शंभरीचं पुस्तक काढायचं आहे. मंडळाच्या सचिव ब्रुगरबाई स्वतः माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. मी म्हटलं, माझी शाळा सहावीला सुटली. त्या म्हणाल्या, “वेफाकाकू, तिथे चव्वेचाळीस उन्हाळे काढलेलं आता दुसरं कोण उरलंय? आणि तुम्ही किती वाचता ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.” मी वीस पानं लिहायचं कबूल केलं.

फिडेल गेल्याचं मी नोव्हेंबरात तुम्हाला कळवलं होतं. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. हे पत्र लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा मंडळाने एक छोटी पुस्तिका छापली होती. त्यातला मजकूर नव्या पुस्तकात जसाच्या तसा घ्यायचा, जिथे कमी पडेल तिथे मी भर घालायची, असं ठरलं आहे. त्या पुस्तिकेत एक वाक्य आहे. ते तुम्ही वाचलेलं नसेल, म्हणून उतरवते: “डिसेंबर १९७१ मध्ये, घर बंद करणारा वाटाड्या जोडोक लोरेंझ याने हिवाळी खोलीला कुलूप घातल्यामुळे, उल्मचा एक तरुण दाराबाहेर गोठून मरण पावला.”

ते वाक्य पुन्हा छापलं जाईल. हरकत घ्यायची असेल तर ऑगस्टअखेरपर्यंत कळवायचं आहे.

मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, की तुमच्या आजोबांनी लोखंडी चूल वर वाहून नेली ती एकट्याने की दोघांनी? फिडेल दर वेळी वेगळं सांगायचा.

वेफा


इनरलाद, ८ जून

चुलीबद्दल तुमचं उत्तर आलं नाही. मी दोघांनी असं लिहिलं आहे. एकट्याने नेणं शक्य नाही, ती चूल मी रोज घासली आहे.

बारा पानं झाली. चौदा सालच्या जुलैत घर उघडलं, चार आठवडे पाहुणे आले आणि मग लढाई सुरू झाली. पहिल्या नोंदवहीतल्या शेवटच्या नोंदीत सहा तरुणांची नावं आहेत आणि पुढे ‘खिंडीतून खाली, पलटणीत’ असं लिहिलं आहे. त्यातला एक परत आला. तो पंचवीस साली पुन्हा चढून गेला आणि त्याने त्याच पानावर बाकीच्या पाच नावांपुढे पेन्सिलीने फुल्या मारल्या. हे मी लिहिलं आहे. चोपन्नच्या हिमलोटाने स्वयंपाकघराची बाजू उचलून खालच्या ओढ्यात नेली आणि तुमच्या आईची पितळी कढई मात्र जूनमध्ये बर्फ वितळल्यावर न चेपता सापडली, हेही लिहिलं. अडुसष्टला सामानाचा पाळणा तारेवर चढला आणि खेचरं विकली गेली. शेवटचं खेचर विकताना तुम्ही दोघे भाऊ दिवसभर एकमेकांशी बोलला नाहीत.

हिवाळी खोलीबद्दल ब्रुगरबाईंनी वेगळं पान मागितलं. शहरातल्या वाचकांना ते नवीन वाटेल म्हणाल्या. मी लिहिलं ते असं:

“घर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बंद होतं आणि फेब्रुवारीच्या शेवटी, स्कीवाले येऊ लागतात तेव्हा उघडतं. मधले महिने तिथे कोणी नसतं. पण पूर्वेकडची एक खोली कधीच बंद होत नाही. तिच्यात सहा बाकं, एक छोटी चूल, घोंगड्या, काडेपेट्या आणि फोडलेलं लाकूड असतं. दाराला फक्त कडी असते. वादळात सापडलेल्याने आत यावं, शेक घ्यावा आणि निघताना पुढच्यासाठी थोडं लाकूड फोडून जावं. घर बंद करणारा शेवटी नोंदवहीत लिहून ठेवतो: दार कडीवर, किल्ली आत खुंटीला, लाकडाच्या अमुक ओळी. शंभर वर्षं हेच चाललं आहे.”

ब्रुगरबाईंनी हे वाचून सांगितलं की नव्या घराच्या हिवाळी खोलीला आकड्यांचं कुलूप बसणार आहे. आधी फोन करून आकडा विचारायचा. काही लोक खोली घाण करून जातात, म्हणाल्या. ते खरं आहे.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात तुम्ही घर बंद करून खाली आलात, तेव्हा माझी पुस्तकांची पेटी वर हिवाळी खोलीतच राहिली. आठवतं? पाहुणे विसरून गेलेली किंवा मुद्दाम ठेवून गेलेली पुस्तकं होती ती. वाटांची माहिती, रसायनशास्त्र आणि एक कादंबरी, जिची शेवटची पानं कुणीतरी चूल पेटवायला वापरली होती. तुम्ही पेटी पाठीवर आणायचं कबूल केलं होतंत. आलात तेव्हा पाठीवर चीजचं चाक होतं. “वहिनी, आईला विचारा,” तुम्ही म्हणालात, “हिवाळ्यात काय खायचं, चीज की रसायनशास्त्र?” तुमची आई हसली. मीही हसले.

पण मला तो हिवाळा पुस्तकांशिवाय काढायचा नव्हता. ११ ऑक्टोबरला फिडेल लाकूडतोडीला पलीकडच्या रानात गेला होता. तुम्ही खिंडीपलीकडे होता. मी सासूबाईंना सांगितलं की माहेरी जाते. आणि वर गेले. चार तास चढले, पेटीतली निम्मी पुस्तकं पिशवीत भरली आणि अंधार पडायच्या आत खाली आले. पिशवी माहेरी ठेवली आणि थोडी थोडी करून घरी आणली. पुस्तकांसाठी सून एकटी डोंगर चढून गेली हे तुमच्या आईला कळलं असतं, तर त्या वर्षभर तेच बोलल्या असत्या.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आज पत्र इथेच थांबवते. तळघरातले गेल्या वर्षीचे बटाटे मऊ पडलेत, त्यांना कोंब फुटलेत, ते काढायचे आहेत.

वेफा


इनरलाद, २४ जून

काल संत योहानची होळी होती. कड्यांवर जाळ दिसत होते. मी लवकर झोपले आणि पहाटे उठून हे लिहायला बसले.

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. तुम्हाला बाकीचं कळलं असेलही. तरी मी लिहिणार आहे.

मी पुस्तकं आणायला गेले त्या दिवशी फ्यॉन सुटला होता. तो दक्षिणेचा गरम वारा दाराला दोनदा धडकला आणि कडी निघाली. ती ढिली झाली होती. मी पिशवी पाठीला लावली होती, परत वळून दार ओढलं, तर पुन्हा उघडलं. मला वाटलं, असंच राहिलं तर पहिल्या बर्फात खोली गळ्यापर्यंत भरेल, लाकूड भिजेल. आतल्या खुंटीवरून मी किल्ली काढली, दार बाहेरून बंद केलं, किल्ली फिरवली आणि वळचणीखालच्या खिळ्याला अडकवली.

तो खिळा तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला काय, खोऱ्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या वडिलांचं उन्हाळी कुरणावरचं घर असो की चीजचं तळघर असो, किल्ली कधी खाली गावात आणली जात नसे. ती दाराच्या उजवीकडे, वळचणीच्या आत, वीतभर खोल खिळ्याला टांगलेली असे. आम्ही लहान असताना वर हात पोचला की मूल मोठं झालं असं म्हणत. शेजाऱ्याला काही लागलं तर तो न बघता हात वर घालायचा. तेव्हा माझ्या लेखी खिळ्यावर किल्ली आहे म्हणजे दार उघडंच आहे. बाहेरचं माणूस तिथे हात घालणार नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही. आलाच नाही, भावोजी. मी खाली येताना कादंबरीच्या शेवटाचा विचार करत होते.

एकहार्ट आणि गुडरून उल्मचे होते. नाताळानंतर ते स्की बांधून वर गेले, कारण हिवाळी खोली उघडी असते असं त्यांनी वाचलं होतं. त्याचा गुडघा मुरगळलेला होता. त्याला उलट खाली नेणं तिला जमलं नाही. खिडक्यांच्या झडपांना लोखंडी पट्ट्या होत्या, त्या निघाल्या नाहीत. दोन दिवसांनी ती एकटी गावात पोचली. तिच्या पायाची बोटं गेली. त्याचा हात दाराच्या मुठीवरच होता, असं तिने चौकशीत सांगितलं. किल्ली त्याच्या डोक्यावर दीड हातावर होती.

ती खाली आली तेव्हा मीच तिच्या बुटांच्या नाड्या कापल्या. ती सारखी म्हणत होती, दार बंद होतं, दार बंद होतं. फिडेल आणि बाकीचे वर गेले. मी पाणी तापवत बसले आणि मनात म्हटलं, फिडेल हात वर घालेल, त्याला किल्ली सापडेल, तो येऊन मला विचारेल आणि मी सांगेन. तो बाकीच्यांच्या पाव तास पुढे होता, हे मला नंतर कळलं. तो परत आला आणि म्हणाला, कुऱ्हाडीने दार फोडावं लागलं, किल्ली कुठेच नव्हती. तुम्ही ओरडलात, “मी ती आत खुंटीला ठेवली होती.” तो म्हणाला, “खुंटी रिकामी आहे, जोडोक.” तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी स्वतःला सांगितलं, वाऱ्याने पडली असेल, बर्फाखाली असेल. जिल्ह्याच्या गावी त्याने शपथेवर तेच सांगितलं. तुमचा वाटाड्याचा बिल्ला गेला. खानावळीत तुम्ही बसलात की शेजारचा माणूस आपला पेला उचलून दुसऱ्या बाकावर जायचा. मार्चमध्ये तुम्ही निघालात. मी तुमचे सदरे इस्त्री करत होते. तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, “वहिनी, तुम्हाला तरी पटतं ना, मी दार उघडं ठेवलं होतं?”

मी म्हटलं, “पटतं.”

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. एकही टेकडी नाही असं गाव तुम्ही समुद्राकाठी शोधून काढलंत. त्या एका शब्दाचा तुम्हाला थोडा आधार वाटला असेल, या विचाराने मी बेचाळीस वर्षं झोपेतून उठले आहे. मला पटतच होतं. मला तर माहीत होतं.

फिडेलबद्दल एवढं सांगते. त्या वर्षापासून घर बंद करायला तो स्वतः जायचा. मला कधी पाठवलं नाही. आणि बंद केल्यावर पुन्हा एकदा, संत मार्टिनच्या दिवशी, नोव्हेंबरच्या अकराला, एकटाच वर जायचा. दार ढकलून बघायचा, आत जायचा, बाहेर यायचा, खाली यायचा. कधी गुडघाभर बर्फातून. लोक म्हणायचे, भावाच्या चुकीचं प्रायश्चित्त घेतो. मी त्याला डबा बांधून द्यायचे. आम्ही एका घरात, एका चुलीपाशी इतकी वर्षं काढली आणि त्या दाराबद्दल एकमेकांना एक शब्द विचारला नाही. मागच्या वर्षीही तो अकराला गेला. उतरताना खालच्या कुरणाच्या कुंपणापाशी दगडावर बसला आणि चहाच्या थर्मासचं झाकण उघडून हातात धरलेलं असताना गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

जानेवारीत त्याच्या स्कीच्या मेणाचा डबा मी शेजाऱ्याला द्यायला काढला. मेणाच्या वड्यांखाली चिंधीत गुंडाळलेली किल्ली होती.

म्हणजे त्याने वर हात घातला होता. त्याला सापडली होती. पेटीतली पुस्तकं एकेक करून घरी आलेली त्याने पाहिली होती, तेव्हा ती मीच तिथे टांगली हे त्याला क्षणात कळलं असणार. मग त्याने ती खिशात टाकली आणि दार फोडलं. हे त्याने माझ्यासाठी केलं, की घर आमच्या हातून जाऊ नये म्हणून केलं, मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. मी त्याच्यावर रागावले आहे आणि रोज संध्याकाळी दोन पेले काढते.

गुडरूनबाई अठ्ठ्याण्णव साली वारल्या. त्यांच्या बहिणीला मी सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलेलं नाही. त्यांनी द्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही.

सोबत एकाहत्तरचं पान जोडलं आहे. मी ते तीनदा लिहिलं. पहिल्यांदा फिडेलचं नाव घातलं नाही. तेव्हा ते वाचणाऱ्याला वाटलं असतं, किल्ली खरंच हरवली होती. दुसऱ्यांदा घातलं आणि फाडलं. तो मेलेला आहे, त्याला उत्तर देता येत नाही, आणि या खोऱ्यात त्याच्याबद्दल अजून कोणी वाईट बोललेलं नाही. तिसऱ्या कागदावर माझं नाव आहे आणि त्याचंही आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमचा भाऊ होता तो. तुम्ही नको म्हणालात तर त्याचं नाव काढीन आणि सगळं माझ्यावर घेईन. काहीच बोलला नाहीत, तर आहे तसं देईन.

वेफा


इनरलाद, २७ ऑगस्ट

तुमचं कार्ड आज आलं. चित्रात धक्का आहे, जहाज आहे आणि मागे काहीच नाही. टपालवाल्याने ते वाचलं होतंच. म्हणाला, “वेफाकाकू, हे काय कोडं आहे?” मी म्हटलं, लाकडाचं आहे.

बेचाळीस वर्षांत तुमच्या हाताची ही पहिली ओळ. उतरवून ठेवते, कार्ड हरवलं तर असावी:

“पान वाचलं. लाकडाच्या ओळी तीन नव्हत्या, चार होत्या. फिडेलचं नाव राहू द्या. जोडोक.”

त्या वर्षीची नोंदवही कोर्टाने नेली ती परत आली नाही, म्हणून मी आठवणीने तीन लिहिलं होतं. आता चार केलं आहे. मला हसू आलं. चार ओळी फोडायला तुम्हाला दोन दिवस लागले असणार. ते तुमच्या अजून लक्षात आहे. त्या खोलीत पुरेल इतकं लाकूड होतं. सगळं तयार होतं.

पान घेऊन मी ब्रुगरबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाल्या, “वेफाकाकू, शंभरीच्या पुस्तकात एखादा अपघात नसला तर काय बिघडतं? जुनं वाक्यही काढू आणि हे पानही नको. सगळेच सुटतील.”

मी म्हटलं, “जोडोक सुटणार नाही. ते वाक्य पंचवीस वर्षं लोकांच्या कपाटात आहे.”

“पण फिडेलकाकांचं...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. फिडेलने त्यांना स्कीवर उभं राहायला शिकवलं होतं.

“मला त्याच्यासोबत पुढे एकाच थडग्यात राहायचं आहे,” मी म्हटलं. “त्याचं मी बघते.”

त्यांनी पान ठेवून घेतलं. छापतील की नाही ते समिती ठरवेल म्हणाल्या. मी सांगितलं, छापा किंवा नका छापू, सात सप्टेंबरला समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलंय, तेव्हा मी हेच वाचणार आहे.

येण्याचं मी तुम्हाला म्हणत नाही. चार तासांचा चढ आहे आणि आपण दोघंही सत्तरीच्या आसपास. पाळण्यात माणसं बसवत नाहीत, अजूनही.

वेफा


इनरलाद, १० सप्टेंबर

भावोजी,

झालं ते क्रमाने लिहिते.

सात तारखेला ऊन होतं. सत्तरेक लोक वर आले. जुन्या घराच्या अंगणात बाकं मांडली होती. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, वाजंत्रीवाल्यांनी धाप लागत दोन चाली वाजवल्या, मंडळाच्या अध्यक्षांनी सिमेंट किती लागलं ते सांगितलं. मग ब्रुगरबाईंनी माझं नाव घेतलं. पुस्तकं पेटीत होती, अजून वाटली नव्हती. आत पान होतं की नाही मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलं नाही.

मी कागद काढून वाचला. चार मिनिटं लागली. दार कडीवर, किल्ली आत खुंटीला, लाकडाच्या चार ओळी, घर बंद करणारा जोडोक लोरेंझ. मग ११ ऑक्टोबर, मी. मग डिसेंबर, एकहार्ट, त्याचं पूर्ण नाव आणि वय, सव्वीस. मग फिडेलने काय केलं ते. मी एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर, केकच्या ताटाशेजारी ठेवली. दुसरं ठेवायला काही नव्हतं.

वाजंत्रीवाल्यांपैकी एकाने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मग खानावळवाल्याचा म्हातारा बाप, तोच, जो तुम्ही आलात की बाक बदलायचा, काठी टेकत उठला. मला वाटलं निघून जातोय. तो जुन्या घराच्या पूर्वेकडच्या दारापाशी गेला, उजवीकडे सरकला आणि न बघता हात वर वळचणीत घातला. त्याचा हात खिळ्यावर पडला. त्याने तो तसाच थोडा वेळ ठेवला. परत येऊन बसला आणि मोठ्याने, कारण त्याला ऐकू येत नाही, म्हणाला, “मीही तिथेच अडकवली असती.” मग म्हणाला, “जोडोकला कोणीतरी लिहा.”

मी म्हटलं, मी लिहिते.

काही लोक मला न भेटता उतरले. तुमच्या मावसबहिणीने मला ओळख दाखवली नाही. फिडेलचे दोन जुने मित्र नव्या घराच्या पायरीवर पाठ करून बसले होते. त्यांना राग येणारच, आणि तो त्यांनी माझ्यावर धरला तर मला चालेल. ब्रुगरबाईंनी पुस्तकं वाटली. पान आहे. एकोणिसाव्या पानावर. जुनं वाक्य नाही. मी त्यांना नव्या खोलीच्या आकड्यांच्या कुलपाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, पुढच्या बैठकीत बघू. कुलूप अजून खोक्यात आहे, मी पाहिलं.

पुस्तकाची एक प्रत वेगळ्या टपालाने पाठवली आहे. किल्ली या पाकिटात आहे. तिला आता दार उरलेलं नाही, सोमवारी पाडायला सुरुवात होते. तुम्ही ती समुद्रात टाकलीत तरी चालेल.

त्या दिवशी मी वरच राहिले, माझ्या जुन्या खोलीत. पुढचे दोन दिवस मी जुन्या घरामागचं लाकूड फोडलं, नव्या घराच्या हिवाळी खोलीत त्याच्या चार ओळी रचल्या, दार कडीवर ठेवलं आणि खाली आले.

वेफा